झाडाची लोकर आणि आपली पऱ्हाटी



गेल्या दिवाळीच्या सुमारास बोंडअळीच्या पाहणीसाठी अकोला जिल्ह्यातल्या पूर्णाकाठच्या एका गावी गेलो होतो. वावरातून फिरून आल्यावर ओळखीच्या एका कास्तकाराच्या ओसरीवर चहाला बसलो. त्यांचा धाकटा मुलगा शिकूनसवरून स्वीडन देशात नोकरीला आहे. तो सुटीत घरी आला होता आणि वडिलांसाठी तिकडून एक सदरा घेऊन आला होता. वडिलांनी तो सदरा माझ्यापुढे धरला, मानेशी आतून शिवलेली बारीकशी चिठ्ठी दाखवली आणि म्हणाले, "साहेब, हे काय लिवलं हाये पाहा बरं. पोरगा म्हनते कापूस. पन कापसाले असं नाव असते काय?"

चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरांत एक शब्द होता. अक्षरे लावून वाचला तर 'बोमुल'. मुलगा सांगू लागला, "बाबा, तिकडे कापसाले हेच म्हनतात. फोड केली तं अर्थ होते झाडाची लोकर."

बाबा खो खो हसले. "झाडाले लोकर? मंग त्यांच्या मेंढ्याइले बोंडं येत असतीन!"

सगळी ओसरी हसली. मीही हसलो. पण फटफटीवरून परत येताना तो शब्द काही डोक्यातून जाईना. आता तुम्ही म्हणाल, या साहेबांना कपाशीच्या रोगाबद्दल चार शब्द सांगायचे सोडून परदेशी शब्दाचे हे खूळ कुठून लागले? थोडा धीर धरा. हा शब्द फिरून फिरून आपल्याच वावराच्या धुऱ्यावर येऊन थांबतो. त्याने मला माझी एक जुनी चूकही दाखवली. तीही सांगणार आहे.

शब्दाची फोड

स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क हे युरोपच्या उत्तरेकडचे तीन शेजारी देश. हिवाळ्यात तिथे दिवस अगदी लहान आणि थंडी कडाक्याची. कपाशीला लागते तसे लांबलचक उन्हाचे दिवस तिथे नाहीत, म्हणून तिथे कपाशी होत नाही. तिन्ही देशांच्या भाषा एकमेकींच्या बहिणी आहेत आणि तिन्हींत कापसाला थोड्याफार फरकाने हाच शब्द आहे.

यातला 'उल' म्हणजे लोकर. हा अर्धा भाग आपल्या नात्यातला आहे, हे ऐकून नवल वाटेल. संस्कृतात लोकरीला 'ऊर्णा' म्हणतात. त्यावरूनच हिंदीत 'ऊन' झाले. जाळे विणणाऱ्या कोळ्याला संस्कृतात 'ऊर्णनाभ' म्हणतात, म्हणजे ज्याच्या नाभीतून लोकरीसारखा धागा निघतो तो. भाषेचे अभ्यासक सांगतात की त्यांचे 'उल' आणि आपले 'ऊर्णा' हे दोन्ही शब्द एकाच फार प्राचीन शब्दापासून निघालेले आहेत. घर वेगळे झाले, आडनाव बदलले, तरी चेहऱ्याची ठेवण राहते, तसे हे आहे.

'बोम' म्हणजे झाड. पण हा त्यांचा घरचा शब्द नव्हे. तो उत्तर जर्मनीतल्या व्यापाऱ्यांच्या बोलीतून मालाबरोबर तिकडे आला. जर्मन भाषेत झाडाला 'बाउम' म्हणतात आणि कापसाला 'बाउमवोल', म्हणजे तेच, झाडाची लोकर. स्वीडनच्या लोकांचा झाडासाठी रोजचा शब्द 'त्रेद' असा वेगळाच आहे. आजच्या स्वीडिश भाषेत नुसते 'बोम' म्हटले तर रस्ता अडवायला लावलेला आडवा दांडा डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे 'बोमुल' म्हणणाऱ्या माणसाला त्यातले झाड सहसा दिसतच नाही. शब्दात झाड उभे आहे, पण बोलणारा त्याच्या सावलीतून न पाहता निघून जातो.

आपलेही तसेच नाही का? पेरणीच्या दिवसांत शंभर वेळा 'तिफण' म्हणतो, पण त्यातले 'ति' म्हणजे तीन, तीन फणांची ती तिफण, हे किती जणांच्या ध्यानात असते?

शेजारच्या फिनलंडची भाषा तर अगदी निराळ्या कुळातली. तिथल्या लोकांनी हा शब्द उसना न घेता त्याचा एकेक तुकडा आपल्या भाषेत बसवला. त्यांच्या भाषेत 'पू' म्हणजे झाड आणि 'व्हिला' म्हणजे लोकर. कापूस झाला 'पूव्हिला'. अर्थ पुन्हा तोच.

मेंढी ओळखीची, कपाशी अनोळखी

झाडाला लोकर येते ही गोष्ट जुन्या लिखाणात कुणी सांगितली? ती ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याच्याकडे सापडते. तो सुमारे २४०० वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याने लिहून ठेवले आहे की हिंदुस्थानात रानझाडांना लोकर येते, ती मेंढीच्या लोकरीपेक्षा सुंदर आणि सरस असते आणि तिथले लोक तिचीच वस्त्रे वापरतात. इराणच्या बादशहाच्या फौजेत जे हिंदी सैनिक होते, त्यांच्या अंगावरही याच झाडाच्या लोकरीचे कपडे होते, अशी नोंद त्याने केली आहे.

यात हसण्यासारखे काही नाही. ज्याने जन्मभर मेंढ्याच पाहिल्या, त्याला मऊ, पांढरी आणि सूत निघणारी प्रत्येक वस्तू लोकरच वाटणार. माणूस नवी वस्तू जुन्या ओळखीच्या वस्तूवरून ओळखतो. दक्षिण अमेरिकेतून आलेली शेंग आपल्या वाडवडिलांनी पाहिली. दाणा मुगाच्या जातकुळीतला वाटला, पण शेंग भुईत. झाले, नाव पडले 'भुईमूग'. तिकडच्यांनी कापसाला झाडाची लोकर म्हटले, त्यात आणि यात काय फरक?

पण ऐकीव माहितीला पाय फुटले की ती कुठवर जाईल याचा नेम नसतो. चौदाव्या शतकात मँडेव्हिल या नावाने एक प्रवासवर्णन युरोपात फार वाचले गेले. त्यात पूर्वेकडच्या एका देशातल्या अशा झाडाची हकिगत आहे, ज्याचे फळ पिकून फोडले की आत लहानसे कोकरू निघते. पुढे या कथेत भर पडत गेली. देठाला चिकटलेले कोकरू देठ वाकवून भोवतालचे गवत खाते आणि गवत संपले की मरते, असेही लोक सांगू लागले. कापूस कधी न पाहिलेल्या लोकांनी 'झाडाची लोकर' हे शब्द ऐकले आणि लोकर आहे म्हणजे मेंढी असलीच पाहिजे असा हिशोब मांडला. आमच्या कास्तकार बाबांनी ओसरीवर जी थट्टा केली, ती युरोपात शेकडो वर्षे बऱ्याच लोकांना खरी वाटत होती!

आपला शब्दही दूर गेला

आता आपल्या शब्दाकडे वळू. संस्कृतात 'कार्पास', प्राकृतात 'कप्पास', त्यावरून आपला 'कापूस' आणि 'कपाशी'. सिंधू नदीकाठच्या मोहेंजोदडो येथे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा सुती कापडाचा तुकडा सापडलेला आहे. म्हणजे या पिकाशी आपल्या देशाचा संबंध पहिल्या नांगराइतकाच जुना म्हणायला हरकत नाही.

कापड परदेशी गेले, त्याबरोबर शब्दही गेला. इराणी भाषेत तो 'करबास' झाला, ज्यूंच्या धर्मग्रंथात 'करपस' झाला, ग्रीकांकडे 'करपासोस' आणि रोमन लोकांकडे 'कार्बासुस'. तिकडे जाता जाता त्याचा अर्थही बदलला. तलम कापड, तागासारख्या दुसऱ्या धाग्याचे कापड, जहाजाचे शीड अशा निरनिराळ्या वस्तूंना ते नाव लागले.

अरबांचा शब्द मात्र वेगळा होता, 'कुत्न'. अरब लोकांनी कपाशीची शेती स्पेनपर्यंत नेली. स्पेनमध्ये त्याचे 'अल्गोदोन' झाले आणि पुढे इंग्रजीत 'कॉटन'. उत्तरेकडच्या देशांतही तो 'कात्तुन' या रूपाने पोचला आणि छापील सुती कापडाला ते नाव पडले. म्हणजे त्या थंड मुलखात धाग्याला 'बोमुल' आणि कापडाला 'कात्तुन' अशी दोन वाटांनी आलेली दोन नावे नांदली. डेन्मार्कच्या लोकांची तर हिंदुस्थानात वखारच होती. आजच्या तामिळनाडूतल्या तरंगमबाडी येथे १६२० साली त्यांनी ठाणे वसवले आणि १८४५ साली ते इंग्रजांना विकले. त्या किनाऱ्यावरून सुती कापडाचे गठ्ठे त्यांच्या जहाजांतून जात असत.

अमरावतीचे नाव गाठीवर

त्या काळी किनाऱ्यावरून कापड जाई. पुढे इंग्लंडमध्ये गिरण्या निघाल्या आणि कापडाऐवजी कच्चा कापूस जाऊ लागला. तेव्हा आपल्या वऱ्हाडाचे नाव जगाच्या बाजारात पोचले. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस यायचा बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांचे डोळे आपल्या काळ्या मातीकडे लागले. त्याच दहा वर्षांत आगगाडी वऱ्हाडातून पुढे नागपूरपर्यंत गेली.

इंग्रज तेव्हा अमरावतीचे नाव 'उमरावती' असे लिहीत. त्यावरून या भागातल्या कापसाला बाजारात 'उमरा' हे नाव पडले. मुंबईच्या आणि इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या दलालाला अमरावती कुठे आहे हे ठाऊक असो वा नसो, 'उमरा' म्हटले की कोणता माल हे त्याला बरोबर कळे. अमरावतीचे जुने नाव औदुंबरावती, त्याचे बोलीत उंबरावती झाले असे मानतात. ते खरे धरले तर आपल्या कापसाच्या या नावातही एक झाड लपलेले आहे, ते म्हणजे आपले उंबर!

१८८६ साली कारंजा येथे कापसाचा नियमन केलेला बाजार सुरू झाला. देशातला हा अशा प्रकारचा पहिला बाजार. कारंजा पुढे अकोला जिल्ह्यात होते, १९९८ पासून ते वाशीम जिल्ह्यात आहे.

पण 'उमरा' या एका नावाचा तोटाही झाला. तो समजून घेण्यासारखा आहे. वऱ्हाडात तेव्हा मुख्यतः दोन प्रकारची कपाशी होती. एक 'बनी' आणि दुसरी 'जरी'. बनीचा धागा लांब आणि तलम, पण पीक कमी. जरीचा धागा आखूड आणि जाड, पण झाड काटक आणि पीक जास्त. गाठीवर नाव एकच आणि भावात फरक थोडा. मग शहाणा कास्तकार जरी पेरणार नाही तर काय? हळूहळू बनी मागे पडली आणि जरी पसरली. पुढे तेच व्यापारी ओरडू लागले की वऱ्हाडचा धागा आखूड, वऱ्हाडचा माल भेसळीचा. सगळे एकाच नावाखाली जमा झाले की चांगल्याला वेगळी पंगत मिळत नाही, आणि पंगत नाही मिळाली की तो पुढच्या वर्षी जेवायला येत नाही.

स्वीडनचा पंडित आणि आपली देशी कपाशी

आता पुन्हा स्वीडनकडे येऊ. तिथे १७०७ साली कार्ल लिनियस नावाचा एक पंडित जन्मला. जगातल्या झाडांना आणि प्राण्यांना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देण्याची पद्धत त्याने रूढ केली. कृषी महाविद्यालयात आम्ही जी नावे पाठ करून करून दमलो, त्यांतल्या कितीतरी नावांच्या मागे या माणसाचे नाव असते. गंमत म्हणजे त्याचे आडनावही झाडावरून आलेले होते. त्याच्या वडिलांनी घराच्या जमिनीतल्या एका मोठ्या लिंडेनच्या झाडावरून ते घेतले होते.

१७५३ साली त्याचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात आपल्या देशी कपाशीला त्याने लॅटिन भाषेत नाव दिले 'गॉसिपियम आर्बोरियम'. आर्बोरियम म्हणजे झाडासारखी, वृक्षरूपी. ज्याच्या मायबोलीत कापूस म्हणजे झाडाची लोकर, त्याने आपल्या कपाशीच्या नावातही झाडच ठेवले.

तुम्ही विचाराल, आपली पऱ्हाटी तर कमरेएवढी, फार तर छातीएवढी. ती झाड कशी? याचे उत्तर आपल्या आयाबहिणींना विचारा. जुन्या घरांच्या अंगणात देवकपाशी असे. एकदा लावली की वर्षानुवर्षे टिकणारी, चांगली माणसाच्या डोक्यावर जाणारी. देवापुढच्या वाती त्याच कापसाच्या वळत. देवकपाशी या नावाखाली एकाहून जास्त जाती आढळतात, पण झाडासारख्या वाढणाऱ्या जुन्या देशी कपाशीही त्यांत आहेत. दर वर्षी पेरून दर वर्षी उपटायची कपाशी ही माणसाने निवड करून करून घडवलेली. मूळची कपाशी खरोखरच झाडवजा होती. म्हणजे हिरोडोटसही खोटे बोलला नाही, 'बोमुल' शब्दही खोटे बोलत नाही. आपणच आपल्या अंगणातले झाड विसरलो.

आज वावरात जी कपाशी दिसते, ती बहुतेक सगळी दुसऱ्या जातीची. तिचे शास्त्रीय नाव 'हिर्सुटम', म्हणजे केसाळ, लव असलेली. हेही लिनियसनेच दिलेले. ती मूळची मेक्सिकोकडची, म्हणून तिला अमेरिकन कपाशी म्हणतात. १९७० साली गुजरातेत सुरत येथे संकरित चार हे कपाशीचे पहिले व्यापारी संकरित वाण निघाले. २००२ साली बीटी कपाशीला आपल्या देशात परवानगी मिळाली. त्यानंतर काही वर्षांतच देशी कपाशी वऱ्हाडातून जवळजवळ दिसेनाशी झाली.

माझी चूक

आता माझ्या चुकीचे सांगतो. १९९६ सालची गोष्ट. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. बी.एस्सी. (कृषी) ची पदवी ताजी, खिशाला पेन, बगलेत छापील तक्त्यांचे बाड. खारपाणपट्ट्यातल्या एका गावात कपाशीच्या वाणांची नोंद करायची होती. एका म्हाताऱ्या कास्तकाराच्या वावरात गेलो. ऐंशीच्या घरातले बाबा. त्यांच्या अर्ध्या एकरात बारीक पानांची, लहान बोंडांची देशी कपाशी उभी होती. पावसाने दडी मारली होती. शेजारच्या वावरातली संकरित कपाशी माना टाकून होती, यांची मात्र ताठ होती.

मी विचारले, "बाबा, वाण कोणता?"

बाबा धुऱ्यावर बसले आणि सांगू लागले. "माह्या आज्याच्या वक्ती बनी होती साहेब. मंग बापानं जरी पेरली. अन् हे जे हाये नं, हे त्याच्यातूनच माह्या मायनं निवडून ठेवलं. याचं नाव..." असे म्हणून त्यांनी एक नाव सांगितले. ते नाव का पडले, त्याचे बोंड कसे उकलते, वेचणीला उशीर केला तर कापूस कसा गळून मातीत पडतो, सरकी राखेत कशी ठेवायची, सगळे सांगितले. मी घड्याळाकडे पाहत होतो. अजून सात शेते व्हायची होती. तक्त्यात वाणाचा रकाना बोटभर रुंद. मी त्यात एकच शब्द लिहिला, 'स्थानिक', आणि उठलो.

बाबा म्हणाले, "नाव लिवलं काय साहेब?"

मी म्हणालो, "लिहिले बाबा."

काही वर्षांनी देशी कपाशीवर माहिती गोळा करताना मला त्या वावराची आठवण झाली. मुद्दाम त्या गावी गेलो. बाबा वारले होते. मुलाने बियाणे ठेवले नव्हते. नाव विचारले तर तो म्हणाला, "बुढा काहीतरी म्हने, आमाले ध्यानात नाई." मी माझा जुना तक्ता उघडला. तिथे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते, 'स्थानिक'. ते नाव आज माझ्याजवळ नाही, त्या गावाजवळ नाही आणि ती सरकीही नाही. माय नि लेक या दोघांची साठ-सत्तर वर्षांची निवड मी एका शब्दात पुसली. दुष्काळाने नाही, अळीने नाही, माझ्या पेनने.

म्हणून त्या दिवशी सदऱ्यावरचा 'बोमुल' वाचून मला हसू आले आणि नंतर लाजही वाटली. जिथे कपाशीचे एक रोप होत नाही, तिथल्या लोकांनी आपल्या झाडाची आठवण शब्दात शेकडो वर्षे नकळत जपली. आणि आम्ही झाडाजवळ उभे राहून त्याचे नाव लिहिले नाही.

शब्द चुकला की हिशोब चुकतो

कुणाला वाटेल, नाव गेले तर गेले, पोट तर भरते ना? पण नावांची गल्लत थेट खिशाला लागते. एक रोजचे उदाहरण देतो.

आपल्या बोलीत या पिकाच्या प्रत्येक टप्प्याला वेगळा शब्द आहे. पेरतो ती सरकी. उगवते ती पऱ्हाटी, कपाशी. तिला पाती लागते, फूल येते, बोंड धरते. बोंडातून वेचतो तो कापूस. किडके, नीट न उकललेले बोंड म्हणजे कवडी. कापसातून सरकी काढली की उरते ती रुई. रुईची बांधतात ती गाठ. सरकीचे तेल काढले की ढेप. मोसम संपूनही उभी ठेवून घेतले ते पीक म्हणजे फरदड. इंग्रजीत मात्र वावरातल्या पिकालाही 'कॉटन', वेचलेल्या कापसालाही 'कॉटन' आणि रुईलाही 'कॉटन'.

मग होते काय, की मोबाईलवर किंवा वर्तमानपत्रात बातमी येते, 'कापूस इतके हजार रुपये खंडी'. कास्तकार वाचतो आणि म्हणतो, मग माझ्या कापसाला एवढा कमी भाव का? पण तो भाव कापसाचा नसतो, रुईचा असतो. आज व्यापारात खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो रुई आणि एक गाठ म्हणजे १७० किलो रुई धरतात. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३६ किलो रुई निघते. बाकीची सरकी आणि थोडी घट.

हिशोब असा मांडा. समजा रुईचा भाव ५३,४०० रुपये खंडी आहे. म्हणजे किलोला १५० रुपये. एका क्विंटलातून ३४ किलो रुई निघाली तर तिचे झाले ५,१०० रुपये. घट वजा जाता सरकी ६४ किलो, ती समजा ३० रुपये किलो, तिचे १,९२० रुपये. दोन्ही मिळून ७,०२० रुपये. त्यातून जिनिंगचा, गाठी बांधण्याचा, वाहतुकीचा खर्च आणि व्यापाऱ्याचा नफा जातो. हे भाव फक्त हिशोबासाठी धरलेले आहेत. तुम्ही त्या दिवशीचे खरे आकडे घाला. पण एवढा हिशोब ज्याला येतो, तो बाजारात गोंधळत नाही. रुई आणि कापूस हे दोन शब्द आपल्या आजी-आजोबांनी उगाच वेगळे ठेवले नव्हते.

'देशी' या शब्दाचेही तसेच. आजकाल बीटी नसलेल्या कोणत्याही बियाण्याला दुकानात किंवा गावात सरसकट 'देशी' म्हणतात. पण बीटी नसलेली अमेरिकन कपाशीही असते. ती खरी देशी नव्हे. खरी देशी हवी असेल तर पिशवीवर आर्बोरियम जात आहे का हे पाहा, दुकानदाराला नाव घेऊन विचारा आणि पावतीवर वाणाचे नाव लिहून घ्या. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे 'एकेए-७' यासारखे देशी वाण आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने लांब धाग्याच्या देशी वाणांवर काम केलेले आहे.

देशीचे गुण आणि अवगुण

एका शब्दाच्या प्रेमात पडून कुणी सगळे वावर देशी करावे, असे मी म्हणणार नाही. ज्याला प्रपंच चालवायचा आहे त्याने दोन्ही बाजू पाहाव्यात.

गुण असे की देशी कपाशी पाण्याचा ताण बरा सोसते. मावा, तुडतुडे यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींना ती अमेरिकन कपाशीपेक्षा कमी बळी पडते. सरळ वाण असल्याने निवडून ठेवलेली सरकी पुढच्या वर्षी पेरता येते. संकरित वाणाची तशी पेरता येत नाही. आखूड आणि जाड धाग्याच्या देशी कापसाला दवाखान्यात लागणाऱ्या कापसासाठी मागणी असते.

अवगुण असे की बोंड लहान, त्यामुळे वेचणीला हात जास्त लागतात. उकललेल्या बोंडातून कापूस लवकर गळतो, म्हणून वेचणी वेळेवर हवी. बऱ्याच देशी वाणांचा धागा आखूड, म्हणून सर्वसाधारण बाजारात भाव मार खातो. बोंडअळी देशीवरही येते, लक्ष ठेवावेच लागते. आणि फरदड तर कोणत्याच कपाशीची ठेवू नका. गुलाबी बोंडअळीला ती बारा महिन्यांचे घर करून देते. २०१७ साली विदर्भात या अळीने काय केले, हे आपण विसरलेलो नाही.

एवढे तरी करा

तुमच्या घरात किंवा शेजारी ऐंशी वर्षांचे कुणी असेल, तर या हिवाळ्यात शेकोटीपाशी त्यांना विचारा. तुमच्या लहानपणी कोणती कपाशी होती? तिचे नाव काय? फूल पिवळे की लाल? बोंड कसे उकले? पहिल्या वेचणीला सीतादहीचा दही-भात वावरात कसा ठेवत, तेव्हा काय म्हणत? घरातल्या शाळकरी मुलीला वही घेऊन बसवा आणि जसा शब्द तोंडून येईल तसाच लिहायला सांगा. शुद्ध करू नका. तिथे 'स्थानिक' लिहू नका.

कुणाच्या अंगणात, मंदिरापाशी जुनी देवकपाशी उभी असेल तर ती तोडू नका. तिची सरकी कोरड्या बरणीत ठेवा, चिठ्ठीवर नाव, गाव आणि साल लिहा. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेला कळवा. तिथे जुन्या वाणांचे बियाणे जपून ठेवतात, आणि उद्याचे वाण त्यातूनच घडतात.

दिवाळीनंतर महिन्याभराने त्या ओसरीवर पुन्हा जाणे झाले. बाबांच्या अंगावर तोच सदरा होता. मला पाहताच म्हणाले, "साहेब, पोराचा फोन आला होता. मी त्याले सांगतलं, तुह्या त्या लोकाइले सांग, झाडाची लोकर म्हनता ते बरोबर हाये. आमच्या आईच्या आंगनात होतं ते झाड. वाती त्याच्याच करे ते."

मग थोडे थांबून म्हणाले, "अन् त्या झाडाले माय काय म्हने, ते सांगू काय तुमाले?"

या वेळी मी पेन काढले, वही उघडली आणि म्हणालो, "सांगा बाबा. सावकाश सांगा."